तिसरा ॲम्प

"लेकरू संगं घे दिपाली, त्याच्यापाशी ठिवू नको," असं सासूनं, शालूबाईंनी, निघताना बजावलं होतं. दिपालीनं ते कानाआड केलं. पुरुषांना लेकरं सांभाळता येत नाहीत हे सगळ्याच सासवा सांगतात, आणि लेकांना कधी सांभाळूही देत नाहीत. ती एम.ए. झालेली होती. रुद्रच्या दुधाची, लसीची, शी-शूची वेळ तिच्या मोबाईलमध्ये होती. नऊ महिन्यांचा रुद्र झोळीत गाढ झोपला होता, बाप घरातच होता आणि बारशाचं घर हाकेच्या अंतरावर होतं. एवढी काळजी करत राहिलं तर माणसानं जगायचं कसं, असं ती स्वतःला म्हणाली. असं ती स्वतःला दिवसातून पुष्कळदा म्हणत असे.

शिवाय आज तिचा नवरा सोमेश्वर जागचा हलणार नव्हता. तिसरा ॲम्प आला होता.

कनेरगाव नाक्यावर सोमेश्वरचा हळद पॉलिश करायचा ड्रम होता. ट्रॅक्टरवर फिरणारा, आख्खा नाका दणाणून सोडणारा. उन्हाळाभर तो त्या ड्रमपाशी उभा राहायचा आणि हंगाम संपला की गाण्याचा दर्दी व्हायचा. यंदा त्यानं भारीतला हेडफोन मागवला. तो आल्यावर कळलं, की असला हेडफोन नुसत्या मोबाईलवर धड वाजत नाही. त्याला जोडीला आवाजाला ताकद देणारा ॲम्प लागतो, आणि तोही कुठलाही चालत नाही.

"तीनशे ओहमचा हाय," सोमेश्वर बांधापलीकडच्या माणसाला सांगावं तसं बायकोला सांगायचा. "बारक्या ट्रॅक्टरला मोठा नांगर लावला तर वढंल का? तसंच हे बी. जोडी बराबर पायजे."

दिपालीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका कुणी उघडूनही पाहिली नव्हती. हेडफोन आणि ॲम्पचे मात्र छत्तीसच्या छत्तीस गुण जुळवणं चाललं होतं. पहिला ॲम्प कमजोर निघाला, परत गेला. दुसरा ताकदीचा होता, पण त्यात म्हणे ढोलकी येते आणि टाळ गायब होतात. घुंगरं तर नाहीतच. "आवाजात जीवच न्हाई," सोमेश्वर म्हणाला. एकदा तो उठून गेल्यावर दिपालीनं हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढून ठेवला. टाळ डोक्यात घण घातल्यासारखे वाजत होते. दर्दी माणसांचं दुखणं आपल्याला काय कळणार, असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

तसा त्या घरात आवाजाला तोटा नव्हता. मीठ मागायचं तरी ओरडून. कुणाला बोलवायचं तर आधी खांद्याला हात लावायचा. नवा पाहुणा भांडण चाललंय समजून दारातच थबकायचा. पॉलिशवाल्यांचं घर आहे, ते असंच बोलणार, असं सगळा नाका म्हणायचा. वर्षभरात दिपालीही झकास ओरडायला शिकली होती. बोलत नसत ते फक्त सासरे, ज्ञानबा. ड्रम लेकाच्या हाती दिल्यापासून ते ओसरीत बसून दिवसभर रस्त्याकडे बघत. मोठे शांत स्वभावाचे आहेत, असं ती माहेरी कौतुकानं सांगायची.

बारशाहून सासूसुना परतल्या तेव्हा रुद्रचं रडणं रस्त्यावरच ऐकू आलं. नेहमीचं नव्हे. रडून रडून बारीक झालेलं, मध्येच अडकणारं. दिपाली पळत सुटली. ओसरीत ज्ञानबा शांत स्वभावानं रस्त्याकडे बघत होते. आत झोळी एका अंगाला कलंडली होती. रुद्रचा पाय दोरीत गुंतला होता आणि तो डोकं खाली करून अर्धा बाहेर लोंबत होता. तोंड काळंनिळं पडलं होतं. तिथून पाच हातांवर त्याचा बाप पाठ करून, टेबलावर वाकून, ॲम्पची वायर बसवत होता. अगदी निवांत.

तिनं दोरीतून पाय सोडवला. लेकरू उराशी धरलं. त्याचा श्वास मोकळा झाला, रंग परत आला. बोलायची वाक्यं तिच्याजवळ फार दिवसांपासून तयार होती, पण ओरडायला अंगात त्राण नव्हतं. ती दात आवळून म्हणाली, "लेकरू गेलं तरी चालेल, दर्दी महाराज. तुमची घुंगरं तेवढी वाजली पाहिजेत."

त्यानं मान वळवली नाही.

मग मात्र तिनं हेडफोन खसकन ओढून काढायला त्याच्या डोक्याकडे हात नेला. हाताला केस लागले. मग कान लागला, उघडा. हेडफोन टेबलाच्या कडेला त्याच्या डब्यात होता.

सोमेश्वर दचकून वळला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, रुद्रच्या भिजलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"उठला व्हय?" त्यानं विचारलं. "काहून रडून राहिला?"

तो मनापासून विचारत होता.

शालूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नातवाकडे एकदा बघून घेतलं आणि नजर त्या नव्या कोऱ्या ॲम्पवर ठेवली.

"ह्याच्या बापाला बी पयले रेडिओच खराब वाटला व्हता," त्या म्हणाल्या. "तीन बदलले त्यायनं."

तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याला नव्या टीव्हीचा आवाज बसका वाटतो आणि मोबाईल बदलून बदलून समाधान होत नाही. उन्हाळे त्याचे ड्रमपाशी गेले असतील, गिरणीत गेले असतील, थ्रेशरवर गेले असतील. आज त्याच्या पाठीमागं जाऊन उभं राहा आणि हलक्या आवाजात त्याला नावानं हाक मारा. ओ आली नाही, तर दुसरी हाक मोठ्यानं मारून ते झाकू नका.