बाईंचा अंगठा

माणसाच्या मेंदूत आता विज्ञानापासून लपून राहील अशी एकही जागा उरलेली नाही, असे डॉक्टरांनी यंत्राच्या खोलीबाहेर उभे राहून जाहीर केले. फक्त पेशंटने यंत्रात शिरायला हवे होते, आणि पेशंट दाराची चौकट घट्ट धरून उभी होती.

पेशंट म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्गच्या वर्ग गप्प होत. आता डोक्यात गाठ निघाली होती. ती कुठवर पसरली आहे हे दिसल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते, आणि भूल देऊन फोटो काढावेत तर बाईंच्या हृदयाला भूल एकदाच, ऑपरेशनपुरती, झेपणार होती. यंत्राच्या त्या अरुंद बोगद्यात जागेपणी, न हलता पडून राहणे हा एकच मार्ग होता. बाई दोनदा आत गेल्या आणि दोनदा किंचाळत बाहेर आल्या. यजमानांनी "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" असे विचारून पाहिले. त्यामुळे एवढेच झाले, की बाई यजमानांवरही चिडल्या.

"तिला बोलवा," त्या म्हणाल्या.

ती म्हणजे बाईंची लहानपणापासूनची मैत्रीण, कपडे शिवणारी. शिवण तशीच मशीनवर टाकून आली. टेक्निशियनने अंगावरचे सगळे लोखंड काढायला सांगितले. कॉलरमधून टाचण्या निघाल्या, बाहीतून सुई, केसांतून पिना, खिशातून कात्री, आणि शेवटी, कुठून ते कळले नाही, एक बॉबिन.

"आणखी काही, मावशी?"

"दात माझेच आहेत."

बाई आडव्या झाल्या. डोके बोगद्यात गेले, पाय बाहेर राहिले. मैत्रिणीने एका पायाचा अंगठा मुठीत धरला आणि मोठ्याने सुरुवात केली, "तर ती कोटवाली परत आली गं. म्हणते कशी, मी आता बारीक होणार आहे, त्या मापाने शिवा."

यंत्राने दणदणाट सुरू केला. काचेपलीकडून टेक्निशियनला दिसत होते, की मावशींचे तोंड चालूच आहे. आवाज थांबताच त्याने माइकवरून सांगितले, "मावशी, एवढ्या आवाजात त्यांना काही ऐकू जात नाही."

"तिला कशाला ऐकायला हवंय? तिला सगळं माहीतच आहे."

बोगद्यातून बाईंचा आवाज आला. "कोट नव्हता तो. झगा होता."

"बोलू नका!" टेक्निशियन ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना कुणी असे सांगितले, आणि बाई खरोखरच गप्प बसल्या.

"बरं, झगा," म्हणून मैत्रीण पुढे निघाली.

पडद्यावर फोटो उमटू लागले. एकही हललेला नव्हता. डॉक्टर पुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले. यजमान मात्र पडद्याकडे बघत नव्हते. ते काचेला नाक लावून त्या मुठीकडे बघत होते. इतका संसार झाला, पण बाईंना धरायचे कुठे असते हे त्यांना आज कळत होते. दणदणाट चालू होता, मैत्रिणीचे ओठ हलत होते, आणि बाईंच्या अंगावरची चादर श्वासाबरोबर संथ वर-खाली होत होती.

यंत्र थांबले. सगळे आत आले. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"गाठीची कड स्वच्छ दिसली. उद्या सकाळी सर्जन ती काढतील." मग ते मैत्रिणीकडे वळले. "मावशी, मी इतकी वर्षं या खोलीत काम करतोय, पण आज तुम्ही जे..."

"ते मग सांगा हो डॉक्टर," अंगठा न सोडता ती म्हणाली. "आधी बाथरूम कुठंय ते सांगा. मी आत येतानाच विचारणार होते."