आबांनी दिलेला खण

कैलासनं पिशवीतून चोळीचा खण काढला आणि बहिणीच्या ओटीत टाकला.

"घे हिरे. आबा जाताना म्हणले व्हते ना, हिराला एक खण द्या? दिला. आता कर सही."

त्याच्या बायकोनं, सारिकानं, तोंडाला पदर लावला. हसू काही दडवलं नाही. जमलेली भावकीही हसली.

आबांना काय म्हणायचं होतं ते यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. घर सहा खणांचं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. भुशी धरणाच्या बाजूला जुनी घरं अशीच मोजतात. नवरा गेल्यावर हिरा लोणावळ्यात भाड्याच्या खोलीत राहायची, धरणाच्या वाटेवर कणसं भाजून विकायची. तिला हक्काचं छप्पर असावं, एवढंच म्हाताऱ्या बापाच्या मनात होतं. कायद्यानं निम्मं घर तुझं आहे, असं वकिलानं तिला बजावलं होतं. "आबांच्या शब्दाभायेर मी जायची न्हाई," असं सांगून ती उठून आली होती.

कैलासला मात्र घर पाडून पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. त्यात बहिणीची चूल बसत नव्हती. म्हणून हा हक्कसोडीचा कागद, आणि हे रंग जाणारं कापड.

हिरानं कापडाची घडी नीट केली.

"दादा, समद्यांम्होरं सांग. आबांनी सांगितलेला खण त्यो ह्योच?"

"ह्योच! मंग काय कापडाचं दुकान काढून देऊ?"

पुन्हा हशा. माना डोलल्या.

"मंग आबांचा शब्द पुरा झाला," हिरा म्हणाली. "आता कायद्यानं बोलू. सहातलं तीन खण माझं."

हशा जागीच थिजला. कैलासनं भावकीकडं पाहिलं. आत्ताच डोललेल्या माना खाली गेल्या होत्या.

"अगं, चेष्टा केली!" तो ताडकन उठला. आढ्याकडं बोटं नाचवत सांगू लागला, "खण म्हंजी मला काय ठावं न्हाई व्हय? ही तुळई, ती तुळई, मधला त्यो खण. त्यो तुझा. पर एकच, हिरे! एकच म्हणले व्हते आबा!"

हिरानं कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि उगवतीकडचे तीन खण झाडायला घेतले.