देवाला वाहिलेली आमरी

अंबिकाताई ब्रश ओला करून ओट्यावर आल्या आणि जागीच थांबल्या. कुंडीत आमरीचा, त्या रानातल्या ऑर्किडचा, हिरवा देठ उभा होता, वर फूल नव्हतं. कागदावर कंद काढून झाला होता, पानं रंगवून झाली होती, फुलाची जागा तेवढी कोरी होती. वाऱ्यानं पडलं म्हणावं तर खाली एक पाकळी नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या पिशव्यांत काय भरतं, हे अख्ख्या पुंडलिकनगराला ठाऊक होतं.

त्या तडक शेजारी गेल्या.

"व्यंकटराव, माझ्या कुंडीतलं फूल तुम्ही तोडलं?"

"घेतलं की," निवृत्त हेडक्लार्क व्यंकटराव प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "एकच होतं, पण काय सुरेख! गणपतीला वाहिलं. वाया नाही घालवलं."

अंबिकाताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "तीन वर्षं धड पाऊस नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी. त्यातलं वाटी-वाटी ह्या कंदाला घातलं. ज्या डोंगरावरून आणला तिथं जेसीबी फिरून प्लॉट पडलेत. हे शेवटचं होतं, व्यंकटराव. काल पहिल्यांदा उमललं आणि आज मी त्याचं चित्र काढणार होते!"

"येईल हो पुढच्या वर्षी. आमच्याकडं जास्वंद लई फुललीय, तिचं काढा की."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तो तर पुण्य करून बसलेला. अंबिकाताई घरी गेल्या, कागद आणि रंगपेटी घेऊन परतल्या आणि सरळ देवघरात शिरल्या.

"अहो, अहो! आंघोळ झालीय का तुमची?"

"तुमच्या देवाला चोरीचं फूल चालतं, पारोशी बाई चालत नाही?"

व्यंकटराव दारातच राहिले. फूल गणपतीच्या डोक्यावर होतं. पाकळ्यांमागची लांब मधाची नळी तुटलेली, पांढऱ्या पाकळीवर कुंकवाचं बोट. अंबिकाताईंनी त्याला हात लावला नाही. फरशीवर बसून त्यांनी ते कागदावर जसंच्या तसं काढलं, कुंकवासकट. एकेक रेघ श्वास रोखून ओढली. बारा वाजून गेले.

"कुंकू तरी झटकायचं," व्यंकटराव म्हणाले. "चित्रात बरं दिसत नाय ते."

अंबिकाताईंनी चित्राच्या तळाशी ब्रशचं टोक टेकवलं. वनस्पतींच्या अशा चित्राखाली झाडाचं नाव लिहितात आणि ते कुठं सापडतं तेही. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : आमरी. आढळ : व्यंकटरावांचं देवघर, पुंडलिकनगर.

मग जरा थांबून पुढं लिहिलं : अन्यत्र आढळत नाही.