न पोहोचलेला निरोप

कुमुदताईंनी चष्मा काढून लेकीच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खाली काचेसारखं आरपार दिसणारं माशाचं इवलंसं पिल्लू होतं.

“पोटात बघ, आई,” लेक शर्वाणी म्हणाली. “एका पेशीनं शेजारणीला निरोप दिला, की ती आतड्याची पेशी होते. इथं निरोप पोहोचलाच नाही. आतडं अर्धवट राहिलं.”

कुमुदताईंचा पहिला मुलगा असाच गेला होता, अर्धवट आतड्यापायी. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली, म्हणून सासूबाईंनी जन्मभर त्यांनाच बोल लावला. शर्वाणीच्या वेळी त्या ग्रहणभर हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिल्या होत्या.

“जगेल हे?”

“नाही गं, आई.”

त्यांनी डोळा काढला नाही. तसंच हळूच विचारलं, “याच्या आईनं काय चिरलं होतं?”