विचारल्याशिवाय न बोलणारे यंत्र

विद्यापीठातल्या पहिल्या तासाला हेमांगी कानातले शिक्षकयंत्र बोलण्याची वाट पाहत बसली. शाळेतले यंत्र शंका मनात उमटण्यापूर्वीच तिचे निरसन करी. हे मात्र गप्प होते.

"सर, माझं यंत्र बिघडलंय."

"बिघडलेलं नाही. इथलं यंत्र विचारल्याशिवाय बोलत नाही," प्राध्यापक ठोसर म्हणाले. "तासाभरात त्याला एक प्रश्न विचारा, नाहीतर प्रयोगशाळेतली जागा गेली."

"बारा वर्षांत कधी विचारलाच नाही, सर!"

"मग आज विचारा."

समोर मोरचुदाचे निळे खडे तापत होते. बघता बघता ते पांढरे पडले.

"निळा रंग गेला कुठे?" हेमांगीने विचारले. ठोसरांनी प्रयोगशाळेच्या यादीत तिचे नाव लिहिले.

"खड्यांतले पाणी उडाले, म्हणून रंग गेला," यंत्र म्हणाले.

"पण पाणी कुठं निळं असतं?" हेमांगीने त्याला दरडावून विचारले.