वहिनीचा शेरा

वहिनी नावं ठेवण्यात पटाईत. नव्या पंख्याचा आवाज, जावेच्या पडद्यांचा रंग, नणंदेचा नवरा, तिच्या तावडीतून म्हणून काही सुटायचं नाही.

ती एका कंपनीत मोबाइलचे गेम बनवायची, दीर स्वतःच्या कंपनीत. गेम ज्यावर उभा करतात ते नवं इंजिन घेण्याआधी वहिनीने माहितीपुस्तिका मागितली. विकणाऱ्यांनी आधी सही घेतली: आत वाचलेल्याबद्दल बाहेर बरंवाईट अवाक्षर काढायचं नाही. तिने सही केली आणि तिसऱ्याच पानावर कपाळाला हात लावला. गेम मध्येच बंद पडला, तर खेळणाऱ्याने म्हणे पुन्हा पहिल्यापासून खेळायचं!

परवा जेवताना दीर म्हणाला, "वहिनी, तेच इंजिन मी घेतोय. एकदा घेतलं की परत करता येत नाही. तू सगळं वाचलंयस ना? कसं आहे?"

वहिनीने तोंड उघडलं. सही आठवली. घटाघटा पाणी प्यायली. "मला काही बोलायचं नाही," ती कशीबशी म्हणाली.

दिराने भरल्या ताटावरूनच विकणाऱ्यांना फोन लावला. "साहेब, आजच पाठवा! आमच्या वहिनीलासुद्धा नाव ठेवायला जागा सापडली नाही!"