अकॅन्थसला हात लावू नका

"माझ्या अकॅन्थसला हात लावलात तर बघा!" असं रिक्षात बसताबसता बजावून बायको महिनाभरासाठी माहेरी गेली. रिक्षा वळायच्या आत मी कुदळ उचलली. ती दारातच टेकवून ठेवलेली होती.

त्या काटेरी पानांच्या विलायती झुडपाने तीन वर्षांत माझे चार पायजमे फाडले होते. चहा घेऊन अंगणात जावं, तर माझ्या खुर्चीच्या जागी हे महाराज ऐसपैस पसरलेले. मी बुंधा उपटला, मुळांचे तुकडे तुकडे केले, वर माती ओढली आणि तिथेच खुर्ची टाकून बसलो. वाळवी लागली, एवढंच सांगायचं ठरवलं.

चौथ्या आठवड्यात खुर्चीखालून कोंब आले. एका झुडपाची अठरा रोपं झाली.

बायको आली ती सरळ अंगणात. तिने कोंब मोजले. मी वाळवीपासून सुरुवात केली.

"राहू द्या हो. मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवं रोप येतं. माझ्या कमरेला खणणं झेपत नाही, आणि 'करा' म्हटलं तर तुम्ही जागचे हलत नाही. 'नको' म्हटलं की बरा हात चालतो!"

मग तिने मला कुंड्या भरायला बसवलं.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा माहेरी निघाली आहे. कर्दळीच्या वाफ्याकडे फिरकायचंसुद्धा नाही, असं आत्ताच बजावून झालंय. आज सकाळी लोहाराकडून कुदळीला धार लावून आणली तिने, आणि दारात टेकवून ठेवली.